सुई हिरव्यात, काम खोळंबलेलं: एका छापखान्यातलं मेमरी बूस्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एक छापखाना आहे. नाव-गाव देत नाही, ओळख पटेल अशा एकदोन खुणाही बदलल्या आहेत. मालकांना सगळे काका म्हणतात. काकांची उमेदीची वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवण्यात गेली. मग ट्रेडलचं छपाई यंत्र आलं, मग छोटं ऑफसेट. आता पुढच्या खोलीत तीन संगणक आहेत आणि दारावर ‘लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स’ अशी पाटी. फ्लेक्स छापायला जिल्ह्याच्या ठिकाणी जातो, इथे फक्त डिझाइन होतं. संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे, म्हणजे काही बिघडलं की मला फोन येतो.

तुळशीचं लग्न लागलं की या खोलीत बसायला जागा नसते. एकेका पत्रिकेची पाच-सहा प्रुफं निघतात, कारण दर वेळी ‘आपले नम्र’मध्ये कुणीतरी राहिलेलं असतं. मध्येच फ्लेक्सवाले येतात: वाढदिवस, निवडीबद्दल अभिनंदन, दशक्रिया. त्यामुळे ऑपरेटरसमोर एकाच वेळी कोरल या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये तीन-चार पत्रिका, फोटोशॉपमध्ये एक भलामोठा फ्लेक्स आणि ब्राउझरमध्ये व्हॉट्सअ‍ॅप उघडं असतं, कारण फोटो तिथूनच येतात. गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीवर बसून “साहेबांचा फोटो जरा मोठा करा” म्हणत असतं. थोडक्यात, या कामात एका प्रोग्रॅमवरून दुसऱ्यावर दिवसातून शेकडो वेळा जावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच येऊन ठेपतं.

पहिले दोन संगणक जुळे होते: तिसऱ्या पिढीचा कोअर आय-३, ४ जीबी डीडीआर-३ रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी, डीडीआर-३ ही तिची पिढी), ५०० जीबीची, आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क, विंडोज १०. पहिल्यावर ताई बसायच्या. त्या तिथे अकरा वर्षं आहेत आणि कोरलचे शॉर्टकट त्यांच्या बोटांत आहेत. दुसऱ्यावर नुकताच लागलेला एकवीस वर्षांचा मुलगा. तिसरा संगणक बिलांचा, त्यावर काका स्वतः.

अडचण

फोन ताईंचा आला. “दादा, मशीन हँग होतंय. आधी स्लो होतं, आता मधेच थिजतंय. फोटोशॉपवरून कोरलवर आले की हात बांधल्यासारखं होतं.”

गेलो तर पडद्याच्या कोपऱ्यात मोटारसायकलच्या स्पीडोमीटरसारखं एक गोल घड्याळ दिसलं. सुई तांबड्यात, आकडा ८८ टक्के. मुलाने तीन आठवड्यांपूर्वी इंटरनेटवरून एक फुकटचा मेमरी बूस्टर, म्हणजे मेमरी मोकळी करून देतो म्हणणारा प्रोग्रॅम, उतरवून तिन्ही मशीनवर टाकला होता. बटण दाबलं की सुई सर्रकन हिरव्यात येते आणि खाली ‘१.९ जीबी मोकळी झाली’ असा संदेश झळकतो. त्याने माझ्यासमोर दाबूनही दाखवलं: ८८ वरून ३९. “बघा सर, निम्मी मेमरी सोडवली.” बटण सारखं दाबायला नको म्हणून त्याने ‘मेमरी ७५ टक्क्यांवर गेली की आपोआप साफ कर’ ही खूण करून ठेवली होती. ४ जीबीच्या मशीनवर फोटोशॉप उघडं असताना ७५ टक्के ही काही वर जाण्याची मर्यादा नव्हे, ती रोजची पातळी आहे. म्हणजे साफसफाई दर थोड्या मिनिटांनी चालूच होती.

मुलाच्या बाजूने एक गोष्ट खरी होती, आणि तीच सगळ्यांत फसवी ठरली. बूस्टर टाकला त्या दिवशी मशीन खरोखरच जलद झालं होतं. आधी बटण दाबल्यापासून कोरल उघडेपर्यंत ताई चहा आणून पिऊन होत असत. दुसऱ्या दिवशी चहा निम्मा असतानाच कोरल उघडलं. ताईंनीही ते कबूल केलं. त्यामुळे पुढे मशीन थिजायला लागलं तेव्हा कुणालाच बूस्टरचा संशय आला नाही. संशय आला तो व्हायरसचा, आणि नेहमीप्रमाणे विजेचा.

फुकटची आवृत्ती आता ‘१,२४७ समस्या सापडल्या’ असं दर तासाला सांगत होती आणि पैसे भरून पूर्ण आवृत्ती घ्या म्हणत होती. तीन मशीनचे मिळून वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास. काकांचा प्रश्न सरळ होता: “हे घ्यायचं का? घेतलं तर हे थिजणं थांबेल का?”

बूस्टर नेमकं करतो काय

उत्तर देण्याआधी त्या सुईच्या आत काय चालतं ते पाहायला हवं.

प्रत्येक चालू प्रोग्रॅमची रॅममध्ये बसलेली पानं असतात, एकेक पान ४ केबीचं. बूस्टर विंडोजला सांगतो की सगळ्या प्रोग्रॅमांची पानं काढून घे. अशी सोय विंडोजमध्ये मुळातच आहे, बूस्टरवाल्यांनी काही शोध लावलेला नाही. काढलेली पानं लगेच नाहीशी होत नाहीत, काही काळ राखीव रांगेत उभी राहतात. त्यांत बदल झालेला असेल तर ती डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये (रॅममधून काढलेली पानं ठेवायची फाइल) लिहावी लागतात. काही बूस्टर त्यापुढे जाऊन ही राखीव रांगही झाडून टाकतात. आणखी जुनी पद्धत याहून आडदांड: बूस्टर स्वतःच भरमसाट मेमरी मागतो, बाकीच्यांना ढकलून बाहेर काढतो आणि मग आपण घेतलेली सोडून देतो. दोन्हीचा शेवट सारखाच. आकडा खाली येतो, सुई हिरवी होते.

पण ज्या प्रोग्रॅमची पानं काढली तो प्रोग्रॅम अजून चालूच असतो. ताईंनी कोरलवर क्लिक केलं की त्याला तीच पानं परत लागतात. राखीव रांगेत सापडली तर काम क्षणात होतं. तोवर ती जागा फोटोशॉपने घेतलेली असेल तर डिस्कवर जावं लागतं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते. हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, त्यात डोकं सरकायचा वेळ, म्हणजे एका वाचनाला बारा-तेरा मिलिसेकंद. रॅमला तेच काम साधारण शंभर नॅनोसेकंदांत जमतं. लाखाहून अधिक पटींचा फरक. विखुरलेली १०० एमबी पानं एकेक करून आणायची म्हटली तर ती भरतात २५,६००, आणि डिस्क सेकंदाला ऐंशीच्या आसपास आणते, म्हणजे पाच मिनिटांहून जास्त. विंडोज शहाणपणाने पानं गठ्ठ्यांत आणतं म्हणून प्रत्यक्षात इतका वेळ लागत नाही. पण थिजणं येतं ते इथूनच.

काकांना हे मी आधी स्वयंपाकघराच्या ओट्याचं (हाताशी असलेली रॅम) आणि माळ्याचं (लांबची डिस्क) उदाहरण देऊन सांगत होतो. ते ऐकत होते, पण पटलेलं दिसत नव्हतं. मग त्यांच्याच धंद्यातलं घेतलं (गॅली म्हणजे जुळवलेलं मॅटर ठेवायचं ताट, केस म्हणजे खिळ्यांची खणांची पेटी). म्हटलं, “काका, समजा चार पानांचं मॅटर जुळवून टेबलावर गॅलीत ठेवलंय. प्रुफं गिऱ्हाइकाकडे गेलीत. तेवढ्यात एक उत्साही पोरगा आला, टेबल फार भरलंय म्हणाला आणि सगळं मॅटर मोडून खिळे केसमध्ये परत टाकले. टेबल चकाचक.”

काका खुर्चीतून अर्धे उठले. “अन् प्रुफ दुरुस्त होऊन आलं म्हणजे?”

“परत जुळवा.”

“मी त्याला टेबलासकट बाहेर काढला असता.”

यात आणखी एक गोष्ट आहे जी काकांनी स्वतःच पुढे जोडली. चांगला जुळारी टेबल मुद्दाम रिकामं ठेवत नाही. रोज लागणारी चौकट, देवाचं नाव, ‘आपले नम्र’ ही ओळ तो बांधूनच ठेवतो. विंडोजही हेच करतं. वाचलेल्या फाइली रॅममध्ये धरून ठेवतं आणि २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून तर तुम्ही रोज काय उघडता ते पाहून ते आधीच आणून ठेवतं. विंडोज १० मध्ये ही सेवा सिसमेन या नावाने दिसते. नवं काही मागितलं की ही धरून ठेवलेली जागा लगेच सोडतं. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये (काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) मेमरी भरलेली दिसली तर तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. तिथे ‘अव्हेलेबल’, म्हणजे लगेच देता येणारी मेमरी, किती आहे आणि ‘कमिटेड’चा, म्हणजे प्रोग्रॅमांना देऊ केलेल्या मेमरीचा, पहिला आकडा बसवलेल्या रॅमच्या किती पुढे गेलाय, हे बघायचं.

हा धंदा नवा नाही. १९९५ मध्ये सॉफ्टरॅम ९५ नावाचं उत्पादन मेमरी दुप्पट करतो म्हणून लाखोंनी खपलं. विंडोजचे अभ्यासक मार्क रुसिनोविच आणि इतर जाणकारांनी ते आतून उघडून पाहिलं तेव्हा सांगितलेलं आकुंचन (कॉम्प्रेशन) ते करतच नव्हतं, आणि १९९६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला चाप लावला. गंमत अशी की मेमरीतली पानं आकुंचित करून ठेवण्याचं तेच काम २०१५ पासून विंडोज १० स्वतः करतं, वेगळे पैसे न घेता. त्या खोलीतल्या तिन्ही मशीनवर ते चालूच होतं.

समोरचे पर्याय

त्या दिवशी टेबलावर पाच गोष्टी होत्या.

बूस्टरची पूर्ण आवृत्ती घेणं हा मुलाचा आग्रह. सगळ्या मशीन फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकणं हा ताईंचा, कारण आधीच्या दुरुस्तीवाल्याने दर वर्षी तेच केलं होतं आणि दर वेळी दोन-तीन महिने बरे गेले होते. रॅम वाढवणं आणि डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली, जलद डिस्क) बसवणं हे माझे. आणि नवी मशीन घेणं हा काकांच्या जावयाचा पुण्याहून फोनवर दिलेला सल्ला, ज्याचे पैसे काकांनी द्यायचे होते.

फॉरमॅटचा पर्याय लगेच बाजूला पडला. त्याने फरक पडायचा तो मुख्यतः सुरुवातीला आपोआप उघडणारे प्रोग्रॅम आणि साठलेले फाँट गेल्यामुळे. त्यासाठी मशीन पुसायची गरज नसते. शिवाय मराठी फाँट आणि त्यांचे कळफलक पुन्हा बसवण्यात लग्नसराईतला एक अख्खा दिवस गेला असता. नवी मशीन घेण्याइतके पैसे त्या हंगामाआधी हातात नव्हते.

राहिले तीन. इथे मी जो निर्णय घेतला तो अजूनही बरोबर वाटतो: काहीही विकत घेण्याआधी आणि काहीही काढण्याआधी मोजायचं. सुईने नाही, घड्याळाने. काकांच्या बिलबुकाच्या कोऱ्या पाठीवर तीन कामं लिहिली. एक, बटण दाबल्यापासून कोरलमध्ये अक्षर टाइप होईपर्यंतचा वेळ. दोन, ठरलेली फ्लेक्सची फाइल फोटोशॉपमध्ये उघडायचा वेळ. तीन, दहा मिनिटं फोटोशॉपमध्ये काम करून खालच्या पट्टीवर कोरलला क्लिक केल्यापासून कर्सर खरोखर हलेपर्यंतचा वेळ. प्रत्येक काम तीनदा. मोबाइलचं स्टॉपवॉच मुलाच्या हातात दिलं, मुद्दामच.

मोजल्यावर काय दिसलं

आधी तिसरं काम, कारण तक्रार त्याची होती. ताईंच्या मशीनवर बूस्टर चालू असताना २४, ३१ आणि २७ सेकंद लागले. बूस्टर बंद करून तेच काम: ९, १२, ८.

त्याच वेळी मी विंडोजचा रिसोर्स मॉनिटर, म्हणजे डिस्क-मेमरीचे आलेख, उघडून ठेवला होता. बूस्टरने साफसफाई केली तो क्षण त्यात स्पष्ट दिसतो. सुई खाली येते. दोन-तीन सेकंद सगळं शांत. मग ताई कोरलवर क्लिक करतात आणि ‘हार्ड फॉल्ट’चा (पान रॅममध्ये न सापडल्याने डिस्कवर जावं लागण्याचा) आलेख छताला टेकतो, डिस्क शंभर टक्के, तिचा कुरकुर आवाज खोलीभर. कोरलची खिडकी पांढरी पडते, वर ‘प्रतिसाद देत नाही’ येतं. इकडे कोपऱ्यातली सुई मात्र समाधानाने हिरव्यात. मुलगा एकदा स्टॉपवॉचकडे, एकदा सुईकडे बघत होता. काही बोलला नाही.

फाइल उघडायला बूस्टर असताना थोडा जास्त वेळ लागला, पण तीन वेळांत इतका चढउतार होता की त्यावरून मी काही म्हणणार नाही.

उरलं सुरू होण्याचं. त्याचा जुना आकडा कुणी लिहून ठेवलेला नव्हता, ताईंच्या चहाच्या अंदाजाने तो पाच मिनिटांच्या जवळपास होता. बूस्टरसकट आता ३ मिनिटं ५ सेकंद. मी बूस्टर पूर्ण काढला आणि पुन्हा मोजलं: २ मिनिटं ५० सेकंद. म्हणजे सुधारणा तशीच राहिली, थोडी वाढलीच. मग ती आली कुठून? टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावर उत्तर होतं. तिथल्या, मशीनसोबत आपोआप उघडणाऱ्या चौदा प्रोग्रॅमपैकी नऊ बंद केलेले दिसले. प्रिंटरची अपडेट विचारणारी खिडकी, कधीकाळी वापरलेला व्हिडिओ कॉलचा प्रोग्रॅम, दोन टोरेंटवाले, असले. पहिल्याच दिवशी मुलाने ‘वन क्लिक बूस्ट’ दाबलं तेव्हा बूस्टरने मेमरी झाडण्याबरोबर हेही केलं होतं. जे काम उपयोगी पडलं ते विंडोजमध्ये चार क्लिकमध्ये फुकट होतं, आणि ज्या कामाच्या नावाने ते विकलं जात होतं ते नुकसान करत होतं. पण दोन्ही एकाच बटणाखाली असल्यामुळे श्रेय सुईला गेलं.

मुलाला दोष देण्यासारखं यात काही नव्हतं. त्याने एक गोष्ट केली, मशीन जलद झालं, त्याने दोन्हींची सांगड घातली. मीही बिलबुकाची पाठ वापरली नसती तर तेच केलं असतं.

केलेल्या गोष्टी

बूस्टर तिन्हीवरून काढला. त्याच्यासोबत आलेली ब्राउझरची पट्टीही काढली. बूस्टर नसतानाही कोरलवर जायला आठ-बारा सेकंद लागत होते, म्हणजे मेमरी खरोखर कमी पडत होतीच, हे विसरून चालणार नव्हतं. पण आधी बिनपैशाच्या गोष्टी केल्या.

यात सगळ्यांत मोठी गोष्ट फ्लेक्सच्या मापात सापडली. मुलगा १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स पूर्ण मापात, इंचाला १५० ठिपक्यांनी करत होता. हिशोब करा: १८,००० गुणिले १४,४०० ठिपके, सीएमवायके या छपाईच्या चार रंगांत प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एकच भरलेला लेअर (चित्राचा थर) १ जीबीच्या वर. त्यात सात-आठ लेअर, भले प्रत्येक पूर्ण भरलेला नसेना. ताई तोच फ्लेक्स ७२ ने करायच्या, तिथे हाच लेअर २४० एमबीच्या आत बसतो. रस्त्याच्या पलीकडून बघायच्या फ्लेक्सला ७२ पुरतात, छापणाऱ्यानेही फोनवर तेच सांगितलं. ही एक सवय बदलल्यावर मुलाच्या मशीनची निम्मी तक्रार मिटली. कुठलाही बूस्टर हे करू शकत नाही, कारण मेमरी कोण खातंय यापेक्षा ती का लागतेय हे त्याला कळायचा मार्गच नाही.

फोटोशॉपच्या सेटिंगमध्ये ‘मेमरी वापरू दे’ ही पट्टी कुणीतरी व्हिडिओ बघून ९५ टक्क्यांवर नेली होती. ती ६० वर आणली, म्हणजे कोरल आणि विंडोजला जागा उरते. नको असलेले शेकडो फाँट बाजूला काढले, त्याने कोरल उघडायचा वेळ आणखी कमी झाला.

मग खर्च. ताईंच्या मशीनला आधी फक्त २४० जीबीची एसएसडी लावली, जुनी डिस्क फाइलींसाठी तशीच ठेवली. कोरलवर जायला लागणारा वेळ ३ सेकंदांवर आला. कुतूहल म्हणून बूस्टर अर्ध्या तासापुरता परत टाकून पाहिला: ५ सेकंद. नुकसान होतंच, पण एसएसडी इतक्या लवकर पानं परत देते की माणसाला ते जाणवत नाही. नव्या लॅपटॉपवर बूस्टर वापरणारे “मला तर काही त्रास नाही” म्हणतात ते यामुळे असावं. आठवड्याने ४ जीबी रॅम वाढवली, एकूण ८ झाली, आणि थांबणं संपलं. क्लिक केलं की कोरल समोर.

रॅमच्या खरेदीत एक फजिती झाली. मुलाने मला न विचारता गावातूनच एक ४ जीबीची पट्टी आणली, ती निघाली डीडीआर-४. दोन्ही पट्ट्यांची मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती बसतच नाही. तरी त्याने जरा जोर लावून पाहिलाच होता. सुदैवाने बोर्डाला काही झालं नाही. पाकीट फोडलेलं असल्याने दुकानदाराने पट्टी परत घेतली नाही.

तिसरं मशीन

काकांच्या बिलांच्या मशीनचं प्रकरण वेगळं निघालं. तिथे मेमरी निम्मी मोकळी होती, बूस्टरची सुई कायम हिरवी, आणि तरी बिल उघडायला मिनिट लागायचं. टास्क मॅनेजरमध्ये काहीच चालू नसताना डिस्क शंभर टक्के. डिस्कच्या स्वतःच्या नोंदी वाचल्या तर खराब होऊन बदललेले आणि बदलायच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, दिसले. डिस्क मरत होती.

मी त्या दिवशी हे सगळ्यांत शेवटी, दिवेलागणीला पाहिलं. ताईंची तक्रार मोठी होती म्हणून दिवसभर तिथेच बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन डेटा काढू म्हणालो आणि घरी गेलो. सकाळी मशीन तिसऱ्या खेपेला सुरू झालं. डिस्क तपासणारा विंडोजचा प्रोग्रॅम तरी मी चालवला नाही, कारण मरत्या डिस्कला तो आणखी रगडतो. आधी बाहेरच्या डिस्कवर बिलं आणि पत्रिकांच्या फाइली काढल्या. एका हंगामाच्या पत्रिकांच्या फोल्डरमधल्या दोन फाइली वाचताच आल्या नाहीत. मग तिथेही एसएसडी. रॅमला हातही लावला नाही.

निष्पत्ती

ताईंच्या आणि काकांच्या मशीनचं वर सांगितलंच. मुलाच्या मशीनला एसएसडी आणि रॅम एकाच संध्याकाळी बसवली, कारण दुसऱ्या दिवशी तीन पत्रिका द्यायच्या होत्या. ते मशीन आता पळतं. पण ७२ ठिपक्यांची सवय लागल्यावर त्याला वाढीव रॅमची गरज होती का, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

खर्चाचं सांगायचं तर तीन एसएसडी आणि दोन रॅमच्या पट्ट्या मिळून काकांचे नऊ हजारांच्या आत गेले. बूस्टरची तीन वर्षांची वर्गणी तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच झाली असती.

बूस्टरने काहीच होत नाही असं मात्र मी सरसकट म्हणणार नाही. एखादा प्रोग्रॅम मेमरी घेत सुटला आणि परत देत नाही, अशा वेळी झाडून काढल्याने थोडा दम मिळतो. तो प्रोग्रॅम बंद करून उघडला तर जास्त मिळतो. प्रोग्रॅम लिहिणारे लोक चाचणीसाठी मुद्दाम राखीव रांग रिकामी करतात, थंड मशीनवर, म्हणजे रॅममध्ये आधीचं काही नसताना, आपला प्रोग्रॅम किती वेळ घेतो ते पाहायला. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं रॅममॅप आहे. म्हणजे जाणकार ही गोष्ट वापरतात ती मशीन संथ करून बघायला.

आज करायचं तर

पहिल्यांदा तिन्ही मशीनच्या डिस्क बघेन, मेमरीच्या आधी. पाच मिनिटांचं काम होतं, ते संध्याकाळवर ढकललं आणि दोन फाइली गेल्या. त्यातली एक पत्रिका गिऱ्हाइकाला वर्षश्राद्धाच्या वेळी फोटोसाठी हवी होती. ताईंनी छापील पत्रिका स्कॅन करून दिली.

मुलाच्या मशीनवर एका वेळी एकच बदल करेन. घाई खरी होती, पण एसएसडी त्या दिवशी आणि रॅम पुढच्या आठवड्यात, एवढं जमलं असतं. कदाचित एका पट्टीचे पैसे वाचले असते.

ओट्या-माळ्याचं उदाहरण देण्यात वेळ घालवणार नाही. ज्या माणसाने तीस वर्षं खिळे जुळवले त्याला सरळ खिळ्यांतच सांगेन.

आणि बूस्टर काढायच्या आधी ‘स्टार्टअप’चं पान बघेन. मी उलट केलं. तेव्हा सुरू व्हायचा वेळ वाढला असता तर मुलगा म्हणाला असता, बघा, काढल्यावर स्लो झालं. वेळ वाढला नाही हे माझं नशीब. काही बूस्टर जाताना आपण बंद केलेल्या गोष्टी पुन्हा चालू करून जातात.

ती डीडीआर-४ची पट्टी अजून छापखान्यात आहे. काकांनी खिळ्यांची एक लाकडी केस आठवण म्हणून भिंतीला टेकवून ठेवलीय, तिच्या एका खणात. पुढच्या मशीनला लागेल म्हणतात. मुलगा तिकडे बघत नाही.